बाबांच्या पोटाच्या डायलिसिसच्या पाण्यात त्वचेवरचा जंतू निघाला. हे आईच्या हातामुळे झालं का?

तेजश्री_मिरज

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण वाचा.

बाबा ६७ वर्षांचे आहेत. दोन्ही किडन्या निकामी, त्यामुळे गेल्या वर्षापासून पोटाचं डायलिसिस (सीएपीडी) चालू आहे. पोटात बसवलेल्या नळीतून दिवसातून चार वेळा जुनं पाणी काढून दोन लिटरची नवी पिशवी भरायची असते. बाबांना मधुमेहामुळे नीट दिसत नाही, म्हणून हे काम पहिल्या दिवसापासून आईच करते. मी नोकरीमुळे शनिवार-रविवारीच घरी असते.

गेल्या सोमवारी पहाटेच्या पिशवीत पाणी तांदळाच्या धुवणासारखं आलं. पोट थोडं दुखत होतं, ताप अजिबात नव्हता. आईने लगेच फोन केला आणि आम्ही ती पिशवी घेऊनच दवाखाना गाठला. पाण्यात पांढऱ्या पेशी १२४० निघाल्या, त्यातल्या ८६ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी. तीन दिवसांनी कल्चरचा (जंतू वाढवून ओळखायच्या चाचणीचा) रिपोर्ट आला: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. डॉक्टर म्हणाले, "हा सगळ्यांच्या कातडीवर असणारा साधा जंतू आहे, औषधाने जाईल." पिशवीतूनच व्हॅन्कोमायसिन हे जंतू मारणारं औषध देतायत. पाणी आता बरंच स्वच्छ येतंय.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. हा जंतू सगळ्यांच्या अंगावर असतो, तर बाबांनाच त्रास का झाला? दुसरं, फार्मसी झालेला चुलतभाऊ म्हणतो, "नमुना घेताना कुणाचा तरी हात लागला असणार, असले जंतू रिपोर्टमध्ये कायम येतात, काही खरं नसतं त्यात." आणि तिसरं, जे खरं विचारायचं आहे. आत्या बाबांना बघायला आल्या आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाल्या, "हात नीट धुतले असतेस तर ही वेळ आली नसती." तेव्हापासून आई जेवणाखाणाचंही नीट बोलत नाही. पिशवी बदलताना हात थरथरतात तिचे. दिवसभर हात घासते, बोटांची सालं निघालीत.

हे खरंच आईमुळे झालं का? कुणाला माहिती असेल तर स्पष्ट सांगा. बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

---

निलांबरी_सूक्ष्म

तेजश्री, मी बरीच वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. असे नमुने रोज हाताखालून जातात. स्पष्टच सांगते, आणि तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुझी आई आत्ता हात घासत बसली असेल.

तुझ्या आईच्या हाताला घाण होती असं हा रिपोर्ट म्हणत नाही. असं म्हणणारा रिपोर्ट आम्ही देऊच शकत नाही. एपिडर्मिडिस हा घाणीतला जंतू नाही. तुझ्या, माझ्या, आत्यांच्या आणि तुमच्या डॉक्टरांच्याही कातडीवर तो या क्षणी आहे, अगदी आंघोळ करून निघालेल्या माणसाच्यासुद्धा. फिलिप प्राइस नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३८ मध्ये हातावरच्या जंतूंचे दोन प्रकार सांगितले. एक इकडून तिकडून चिकटलेले, ते साबणाने जातात. दुसरे कायमचे राहणारे, केसांच्या मुळाशी आणि तेलग्रंथींच्या तोंडाशी बसलेले. ते कमी होतात, संपत नाहीत. एवढं घासूनही ऑपरेशनला हातमोजे घालतात ते त्याचसाठी.

आणि तो जंतू आईच्याच बोटावरचा होता हे तरी कुणी ठरवलं? नळी बाबांच्या पोटाच्या कातडीतून आत जाते. नळीच्या बाहेरच्या बाजूने, कातडीतल्या वाटेने सरकत तो आत गेला असेल. जोडणी करताना गेला असेल. किंवा नळीच्या आतल्या भिंतीवर आधीच बसलेला असेल आणि आता सुटला असेल. आईचा एपिडर्मिडिस की बाबांचा स्वतःचा, हे त्या कागदावरून मला सांगता येणार नाही, आत्यांना तर नाहीच. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखव.

आता चुलतभावाचं म्हणणं. त्याचं ऐकीव ज्ञान अर्धं बरोबर आहे. रक्ताच्या कल्चरमध्ये हा जंतू आम्हाला फार छळतो. सुई कातडीतूनच जाते, कातडीवरचे चार जंतू बाटलीत उतरतात आणि दोन दिवसांनी मशीन बाटली पॉझिटिव्ह दाखवतं. म्हणून तर दोन वेगळ्या जागांवरून रक्त घ्या असं आम्ही वॉर्डला सांगून सांगून थकतो. एकाच ठिकाणच्या बाटलीत एपिडर्मिडिस वाढला आणि दुसरीकडे काहीच नाही, तर बहुतेक वेळा तो कातडीवरून मिसळलेला असतो. दोन्हीकडे तोच वाढला तर आम्ही सावध होतो.

पण बाबांच्या नमुन्याला हे लागू पडत नाही. तू दिलेले आकडेच सगळं सांगतात. पोटातल्या डायलिसिसच्या पाण्यात पांढऱ्या पेशी १०० च्या वर आणि त्यातले निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असले की पोटाच्या आतल्या पडद्याला संसर्ग झाल्याचं धरतात. बाबांच्या १२४० आहेत आणि ८६ टक्के न्यूट्रोफिल. नमुना घेताना बोटावरून जंतू पडू शकतो. बोटावरून बाराशे पांढऱ्या पेशी पडू शकत नाहीत, त्या बाबांच्या शरीराने जंतूशी लढायला पाठवलेल्या आहेत. पाणी गढूळ, पोटात दुखणं, पेशी वाढलेल्या आणि कल्चरही पॉझिटिव्ह. सगळं जुळतंय. रिपोर्ट खरा आहे. "काही खरं नसतं त्यात" म्हणत औषध मध्येच सोडलं तर मात्र घात होईल.

आता सगळ्यांच्या अंगावर असतो तर बाबांनाच का, ते. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला मनापासून आवडतो.

त्वचेवर एपिडर्मिडिस शहाण्यासारखा राहतो. वरच्या मेलेल्या पेशींच्या थरात, घाम आणि तेलावर गुजराण करतो. कोरडी, खारट, थोडी आम्लधर्मी जागा त्याला मानवते. आपली प्रतिकारशक्ती त्याला ओळखून असते. तो आपल्या उपयोगालाही येतो. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की एपिडर्मिडिसच्या काही जाती एक विकर (एन्झाइम) तयार करतात आणि त्यामुळे त्याचा भाऊबंद स्टॅफिलोकॉकस ऑरियस नाकात ठाण मांडू शकत नाही. ऑरियस म्हणजे गळवं, जखमेत पू, गंभीर न्यूमोनिया करणारा. त्याच्यापासून आपल्याला वाचवणाऱ्यांमध्ये हा एक आहे.

लॅबमध्ये या दोघांना वेगळं करायची जुनी पद्धत अजून वापरतात. काचेच्या छोट्या नळीत सशाच्या रक्तातला प्लाझ्मा घ्यायचा, त्यात जंतू मिसळायचा, ३७ अंशांवर ठेवायचं आणि चार तासांनी नळी हळूच तिरकी करून बघायची. ऑरियस असेल तर प्लाझ्मा गोठतो, नळी वाकडी केली तरी गुठळी हलत नाही. एपिडर्मिडिस असेल तर प्लाझ्मा जसाच्या तसा वाहतो. मग रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. रक्त गोठवणारं ते प्रथिन एपिडर्मिडिसकडे नाही, विषंही फारशी नाहीत. म्हणून तर बाबांना ताप नव्हता आणि दुखणं थोडक्यात राहिलं. हेच ऑरियस असतं तर त्या सोमवारी बाबा पोट धरून लोळले असते.

हत्यारं नाहीत, पण एपिडर्मिडिसला एक गोष्ट फार छान जमते. चिकटून बसणं. शरीरात एखादी निर्जीव वस्तू गेली, सिलिकॉनची नळी, कृत्रिम गुडघा, हृदयाची कृत्रिम झडप, मेंदूतलं पाणी उतरवायची शंट, की थोड्याच वेळात तिच्यावर शरीरातल्याच प्रथिनांचा पातळ लेप बसतो. त्या लेपाला पकडायची सोय एपिडर्मिडिसच्या अंगावर आहे. एकदा पकडलं की तो वाढतो, स्वतःभोवती चिकट शर्करेचा थर तयार करतो आणि त्या थरात एकावर एक वस्ती होते. याला बायोफिल्म म्हणतात. पांढऱ्या पेशींना आत शिरता येत नाही. आतले जंतू इतके संथ होतात की वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधं त्यांच्यावर अर्धवट चालतात. जिवंत उतीत रक्त फिरतं, पहारा असतो. नळीत रक्त नाही, पहारा नाही.

याचा पुरावा जुना आहे आणि ऐकून अंगावर काटा येतो. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांच्या कातडीत ऑरियसचे जंतू टोचून पाहिले. पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले. पण जंतूंबरोबर रेशमी टाक्याचा धागा ठेवला, तर शे-तीनशे जंतू पुरले! धागा स्वतः निर्जीव, निरुपद्रवी. फरक फक्त त्याच्या असण्याने पडला.

बाबांच्या पोटात तशी नळी कायमची आहे. त्यात साखरेचं पाणी भरलेलं असतं. दिवसातून चार वेळा ते पाणी काढताना पोटातल्या पहारेकरी पेशीही त्याच्याबरोबर वाहून जातात. वर किडनीच्या आजाराने आणि मधुमेहाने प्रतिकारशक्ती मंदावलेली. बाहेर राहणारा साधा जंतू अशा जागी पोचला, एवढंच झालंय.

असं करणारा हा एकटाच नाही. मुरुमांमुळे नाव बदनाम झालेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस तेलग्रंथींत राहतो, खांदा-पाठीवर भरपूर. खांद्याचा सांधा बदलला की तिथे संसर्ग करणाऱ्यांत तो पुढे असतो, आणि इतका सावकाश वाढतो की आम्हाला जंतू वाढवायच्या प्लेटा चौदा दिवसांपर्यंत जपाव्या लागतात. सर्जन तिसऱ्या दिवशी फोन करून "काही नाही ना?" विचारतात. थांबा, म्हणून सांगावं लागतं.

आणि तेजश्री, आईचं ते हात घासणं आजच थांबव. सालं निघालेली, भेगाळलेली कातडी जास्त जंतू धरते, आणि ऑरियसला तर अशीच कातडी हवी असते. हे मी तिला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

---

विकास_एन

माहितीपूर्ण प्रतिसाद. माझ्या मते घरातल्या सगळ्यांनीच रोज अँटिसेप्टिक साबणाने आंघोळ करावी आणि त्या खोलीत जंतुनाशक फवारावं. मूळच संपवलं की प्रश्न मिटला.

---

दत्ता_चिपळूण

तेजश्रीताई, बायकोचं सीएपीडी मी स्वतः करतो, चौथं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षी आम्हालाही हेच झालं होतं, हाच जंतू. नर्सबाईंनी आमच्या घरी येऊन सगळं बघितलं आणि बोलल्या, तुमचं चुकतंय असं नाही, पण तीन जागा पक्क्या करा. ते सांगतो.

पंखा बंद. आमच्याकडे मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, तरी पिशवी जोडेपर्यंत पंखा बंद, खिडकी बंद. मास्क दोघांनीही लावायचा, पेशंटनेसुद्धा. आणि हात धुवून झाले की पूर्ण कोरडे करायचे, हे आम्ही आधी करत नव्हतो. ओल्या हाताने जंतू जास्त सुटतात असं बाई बोलल्या. आता एक टॉवेल फक्त त्याच कामाचा, रोज धुवून उन्हात.

जोडताना नळीचं उघडं तोंड कशालाही टेकलं, बोटाला, सदऱ्याला, अगदी चादरीला, तर पाणी आत सोडायचं नाही. क्लॅम्प बंद, नळीच्या तोंडाला नवी टोपी, आणि डायलिसिस सेंटरला फोन. रात्री अकरा वाजले तरी फोन. एकदा आम्ही तसं केलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी ट्रान्स्फर सेट (पोटातल्या नळीला जोडलेली बाहेरची छोटी नळी) बदलून दिला, औषधाचा डोस दिला, आणि काही झालं नाही.

पाणी गढूळ आहे की नाही ते बघायला पिशवीखाली पेपर ठेवतो. बातमीची अक्षरं वाचता आली तर ठीक. तुमच्या आईंनी पहाटेच्या अपुऱ्या उजेडात ओळखलं, हे फार मोठं काम आहे. आमच्या ओळखीच्या एकांनी दोन दिवस अंगावर काढलं होतं आणि शेवटी नळीच काढावी लागली.

---

निलांबरी_सूक्ष्म

दत्ताभाऊ, पंखा आणि कोरडे हात, दोन्ही अगदी बरोबर. त्या नर्सबाईंना माझा नमस्कार सांगा.

विकास, तुमचा हेतू चांगला आहे पण हे करू नये. मूळ संपत नाही, वर सांगितलं तसं. सगळ्या घराने रोज जंतुनाशक साबण वापरला तर त्वचा कोरडी पडेल, चांगल्या जंतूंची वस्ती विस्कटेल आणि त्या मोकळ्या जागी दुसरं कोण येऊन बसेल ते आपल्या हातात नाही. फवारणीचाही उपयोग नाही, हा जंतू खोलीच्या भिंतीवरून येत नाही. जपायची ती फक्त एक जागा आणि काही सेकंद: टोपी काढल्यापासून नवी पिशवी जोडेपर्यंत. सीएपीडीची जोडपिशवी तशी बनवलेलीच आहे. जोडणी झाल्यावर आधी पोटातलं पाणी काढायचं, मग नव्या पिशवीतलं थोडं पाणी नळीतून थेट रिकाम्या पिशवीत सोडायचं आणि त्यानंतरच पोटात भरायचं. जोडताना चुकून काही जंतू तोंडाशी पडले असतील तर ते त्या धुण्यात वाहून जातात. हा क्रम घाईत बदलू नये. टोपीच्या आत तपकिरी स्पंज दिसतो ना, त्यात आयोडिन असतं, म्हणून टोपी दरवेळी नवीच.

नळी बाहेर येते त्या जागी रोज मलम लावायला सांगितलं असेल तर तेही सोडू नका.

---

तेजश्री_मिरज

निलांबरीताई, तुमचा पहिला प्रतिसाद काल रात्री आईला वाचून दाखवला. "तो जंतू बाबांचाही असू शकतो" इथे आल्यावर तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाली. बाबा पलंगावरून म्हणाले, "बघ, माझाच असणार." आज सकाळी पिशवी तिने एकटीने बदलली. बोटांना खोबरेल लावून देतेय, पिशवी झाल्यावर. आत्यांना फोन मी करणार आहे.

दत्ताकाका, पेपरची युक्ती आजपासून. टॉवेल वेगळा काढला.

दोन शंका उरल्यात. रिपोर्टच्या खालच्या औषधांच्या यादीत सेफॉक्सिटिनपुढे 'आर' लिहिलंय. चुलतभाऊ म्हणाला, म्हणजे औषधाला न जुमानणारा, घातक जंतू. आणि कोर्स संपल्यावर हाच जंतू पुन्हा आला तर काय समजायचं?

---

निलांबरी_सूक्ष्म

आईने एकटीने पिशवी बदलली हे वाचून फार बरं वाटलं.

'आर' म्हणजे त्या औषधाला दाद न देणारा. जंतू वाढवायच्या प्लेटवर सेफॉक्सिटिन असलेली छोटी कागदी टिकली आम्ही चाचणी म्हणून ठेवतो. तिच्याभोवती जंतू पुरेसा मोकळा हटला नाही, तर पेनिसिलिन घराण्यातली आणि त्यांच्या जवळची बहुतेक औषधं चालणार नाहीत असं समजतो. रुग्णालयांत येणाऱ्या नमुन्यांतले बहुसंख्य एपिडर्मिडिस असेच असतात, त्यामुळे आम्हाला त्याचं आश्चर्य वाटत नाही. म्हणूनच बाबांना व्हॅन्कोमायसिन दिलंय. यादीत त्याच्यापुढे 'एस', म्हणजे दाद देणारा, असं असेल, बघ. 'आर' असलं म्हणून जंतू जास्त विखारी होत नाही, औषधाची निवड तेवढी बदलते. व्हॅन्कोमायसिन रोज देत नाहीत, काही दिवसांच्या अंतराने देतात, आणि ते औषध घातलेलं पाणी पोटात निदान सहा तास ठेवायचं असतं. तेव्हा मधले दिवस मोकळे गेले म्हणून घाबरू नकोस. या जंतूसाठी उपचार साधारण दोन आठवडे चालतात. योग्य औषध चालू असूनही पाच दिवसांत पाणी स्वच्छ होत नाही तेव्हा नळी काढायचा विचार करतात. तुमचं आधीच निवळलंय.

कोर्स संपल्यापासून चार आठवड्यांच्या आत हाच जंतू परत आला, तर तो नळीतल्या बायोफिल्ममधून उठला असण्याची शंका घेतात, आणि मग नळी बदलण्याबद्दल डॉक्टर स्वतःच बोलतील. त्यात आईच्या हाताचा प्रश्न येत नाही. कोर्स संपल्याची तारीख आणि हा रिपोर्ट फाईलमध्ये वरच ठेवा. पुन्हा कल्चर झालं तर लॅबला जुनी 'आर-एस'ची यादी दाखवा, तोच जंतू आहे का दुसरा, याचा अंदाज आम्हाला त्यावरून येतो.

आणि पाणी परत कधी गढूळ दिसलं, तर ती पहिली पिशवी ओतून टाकू नका. क्लॅम्प लावा, स्वच्छ पिशवीत गुंडाळा आणि औषधाचा पहिला डोस मिळायच्या आधी सेंटरला पोचवा. पोचायला उशीर होणार असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणात नाही. सोमवारी तुम्ही पिशवी घेऊन गेलात म्हणूनच आपल्याला जंतूचं नाव कळलं.